भिंतीवरची लाल रेघ

मला आडवीच टेम्पोत चढवली. खांद्याकडून आप्पांनी धरलं, पायाकडून तेजूनं, आणि चुलत्याच्या छोट्या हत्तीत अंथरलेल्या गोधडीवर मला अलगद ठेवलं. समोरच्या ओट्यावर पारूआत्या चूळ भरत होती. हे पाहून तिच्या तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. ते कसंबसं थुंकून ती म्हणाली,

"आगं बया! काय झालं पोरीला? दवाखान्यात न्यायलाय व्हय?"

"भरतीला चालले आत्या!" मी पडल्या पडल्या ओरडले. "पोलीस व्हायला!"

"मग बसून जायाला काय धाड भरलीया?"

तेजू फिदीफिदी हसली. माझी धाकटी बहीण तेजश्री. तिला कशाचंही हसू यायचं आणि कुठंही झोप यायची.

पारूआत्याला काय सांगणार? भरतीला जाणाऱ्या पोरापोरींना हे बरोबर ठाऊक असतं. माणूस दिवसभर उभा राहिला की उंची घसरते, रात्रभर आडवा पडला की पुन्हा भरते. म्हणून ज्याची उंची काठावर असते त्याला ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या दिवशी उठूच द्यायचं नाही. आडवाच न्यायचा आणि मोजपट्टीपाशी नेऊन उभा करायचा. मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागायचे. माझे बरोबर तेवढेच भरत होते, वर केसाएवढेही नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळपासून मी पाठ टेकून पडले होते. आईनं भाकरी कुस्करून भरवली होती. तेजूचं ग्राउंड पुढच्या सोमवारी होतं, आणि तिची उंची मोजायची कुणाला काळजीच नव्हती.

आप्पा हौद्यात माझ्या उशाशी बसले. खड्ड्यात गाडी आदळली की डोकं आपटू नये म्हणून त्यांनी माझ्या डोक्याखाली आपला तळहात धरला. जिल्ह्याचं ठिकाण येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही. पुढं कित्येक वर्षं मला सगळ्यात जास्त राग त्या हाताचा आला.

पोलीस व्हायचं खूळ माझं होतं, तेजूचं नव्हे. खरसुंडीच्या यात्रेत एकदा एका पोलीस बाईनं दोन दारुड्यांना कॉलरला धरून दर्शनाच्या रांगेतून बाहेर काढलेलं मी पाहिलं. ते दोघं "मॅडम, मॅडम" करत तिच्या मागं गेले. आमच्या गावात बाईमाणसाला मॅडम म्हणणारं कुणी नव्हतं. मी दिवसभर त्या बाईच्या मागं मागं फिरले आणि घरी येऊन आप्पांना म्हणाले, मला अकॅडमीत घाला. तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. दोन दिवसांनी सकाळी आप्पा म्हणाले,

"जावा. पर दोघी जावा. येक भरती हुईपतूर तुझं लगीन थांबवतो. त्यात न्हाई झालं तर मग मी बघीन त्या दावणीला गप उभं ऱ्हायाचं."

मी त्यांच्या पाया पडले. एवढा मोठ्या मनाचा बाप पंचक्रोशीत नाही असं मी मैत्रिणींना सांगत सुटले.

तेजू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण आजोळच्या वळणावर गेलेली, ताडमाड. पळायचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखायचं. पहाटे मी तिचं पांघरूण ओढायची, तिची वेणी घालून द्यायची, आणि कालव्याच्या रस्त्यानं पुढं पळत सुटायची. ती मागून "ताई, थांब की गं" करत यायची. मला वाटायचं, माझ्या नादानं हिचंही भलं होतंय.

अकॅडमी घोडके सरांची. सर फौजेतून निवृत्त झालेले. मार्केट यार्डाच्या मागं त्यांचं मैदान, एक खोली, आणि खोलीच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलेलं: शरीर थकत नसतं, मन थकतं. त्याच भिंतीवर मुलांसाठी एक निळी रेघ होती आणि तिच्याखाली मुलींसाठी लाल. ज्याचं डोकं रेघेला लागत नाही त्याला सर पहिल्याच दिवशी परत पाठवायचे. त्यात ते पुढाऱ्याच्या पोराचीही भीड धरत नसत.

माझं डोकं लागलं नाही. दीड बोट राहिलं. तेजूच्या तर ती रेघ डोळ्याखाली आली. सरांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, मग बाहेर उभ्या असलेल्या आप्पांना चिंचेखाली नेलं. दोघं बराच वेळ बोलत होते. परत आल्यावर सर म्हणाले,

"वय हाय आजून. लटकायचं. जिद्द आसंल तर वाढंल."

मग मी लटकले. मैदानातल्या बारला लटकले, घरी लिंबाच्या फांदीला लटकले, शेतात विहिरीवरच्या मोटेच्या जुन्या लाकडाला लटकले. तळहातांची साल निघाली. आई त्यावर हळद-तेल लावायची आणि लावता लावता शिव्या द्यायची. दोरीवरच्या उड्या मारल्या, तीळ खाल्ले, उसाचा हंगाम असून चहात साखर घेतली नाही, कारण साखरेनं हाडं खुंटतात असं कुणीतरी सांगितलं होतं. झोपताना मी तेजूला माझे पाय ओढायला लावायची. ती ओढता ओढताच पायाशी झोपून जायची. दरम्यान पळण्यात मात्र माझ्या पुढं मुलगी जात नव्हती. सर तेजूला माझ्या मागं लावून ओरडायचे, "ताईची पाठ सोडायची न्हाई! मेलीस तरी सोडायची न्हाई!"

सव्वीस जानेवारीला अकॅडमीत झेंडा झाला. खोलीला चुना मारून सगळं कसं झकपक केलं होतं. दुसऱ्या दिवशी मोजमाप निघालं. मी टाचा भिंतीला टेकवल्या आणि श्वास धरला. सरांनी डोक्यावर लाकडी पट्टी ठेवली. पट्टी रेघेला टेकली.

"बघा रं!" सर गरजले. "हिला म्हंत्यात जिद्द! पोरीनं मनावर घेतलं आन् हाडं वाढवली!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी स्टँडवरून पेढे आणले आणि पहिला माझ्या तोंडात घातला. मी रडले. तेजूही रडली. तोपर्यंतच्या आयुष्यात मला एवढं मोठं काही मिळालं नव्हतं, आणि त्यानंतरही मिळालेलं नाही. सर नव्या पोरांना माझी गोष्ट सांगायला लागले. कुणी कुचराई केली की त्याला माझ्यासमोर आणून उभं करायचे. मी मान खाली घालून हसायची.

तर त्या दिवशी टेम्पो ग्राउंडच्या फाटकाशी थांबला आणि मला उतरवलं. डोकं न हलवता, नवरीसारखी पावलं टाकत मी आत गेले. मोजपट्टीपाशी एक पोलीस बाई होती.

"केस सोड," ती म्हणाली. तिनं माझ्या केसांतून बोटं फिरवली. कुणी केसात मेण चिकटवून आणतात, कुणी काठीनं मारून घेऊन टेंगूळ आणतात, म्हणून ते बघावं लागतं. माझ्या डोक्यावर काहीच नव्हतं. "समोर बघ. मान वर करू नको."

पट्टी खाली आली. बाई शेजारच्याला म्हणाली, "एकशे त्रेपन्न पॉइंट पाच."

मला वाटलं मागच्या मुलीचं सांगतेय.

"मॅडम, चुकलंय," मी म्हणाले. "माझी एकशे पंचावन्न आहे."

"कुणी मोजली?"

"सरांनी. अकॅडमीत. दर रविवारी मोजतात."

बाई वाईट नव्हती. तिनं पट्टी वर नेली, मला पुन्हा नीट उभं केलं, पट्टी पुन्हा खाली आणली. तेच. "अपील कर जा. तिकडं साहेब मोजतील," असं तीच म्हणाली. साहेबांनी स्वतः चष्मा लावून मोजलं. तेच.

"साहेब, एकदा पळू द्या," मी हात जोडले. "फक्त एकदा पळू द्या. मग काढा मला."

"बाळ, पळायचा नंबर उंचीनंतर येतो," ते म्हणाले आणि मागच्या मुलीला पुढं बोलावलं.

आप्पा बाहेर टेम्पोच्या सावलीत बसले होते. त्यांनी भाकरीचं फडकं आधीच सोडून ठेवलं होतं. मी "काढलं" एवढंच म्हणाले. ते म्हणाले, "हं. खाऊन घे. काल सांजपासनं नीट खाल्लं न्हाईस." किती कमी पडली ते त्यांनी विचारलं नाही. तेजू माझ्याकडं न बघता भाकरीचा तुकडा मोडत राहिली. येताना मी बसून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईची शिवणाची टेप घेऊन मी एकटीच अकॅडमीत गेले. शपथ घेऊन सांगते, सरांवर माझा संशय नव्हता. माझा संशय त्या सरकारी पट्टीवर होता. आपल्या रेघेचं माप टेपनं पक्कं करायचं, मग सरांना संगती घेऊन पुन्हा दाद मागायची, असं मी रात्रभर मनात घोळवलं होतं. खोलीत कुणी नव्हतं. टेपचं टोक फरशीला दाबलं आणि ताणून लाल रेघेपर्यंत नेलं. आकडा बघितला. टेप सैल धरली असेल म्हणून पुन्हा ताणली. मग तिथंच भिंतीशी बसले.

बसल्यावर दिसलं, रेघेच्या वर चुन्याचा पापुद्रा सुटलाय. उठले आणि नखानं खरवडला. दीड बोटावर, चुन्याच्या आतून, लाल रंग निघाला. मी खरवडतच गेले. तळहाताएवढी जुनी रेघ उघडी पडली.

"पुरं कर उज्ज्वला," मागून सर म्हणाले. "भित खराब हुतीया."

"ही खाली कुणी आणली?"

"मीच."

"का?"

सर खुर्चीत बसले. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, पण फौजी माणूस, विचारलं तर सांगणारा.

"तेजूसारखी उंची, तसं लांब टांगेचं पोर माझ्या मैदानावर कधी आलं न्हाई. पर आळशी. एकटी येत न्हाई, एकटी पळत न्हाई. तुझ्या बाला म्हणालो, धाकटीला ठेवा, थोरली उंचीत बसत न्हाई. त्यो म्हणाला, धाकटीला अंधाराचं कालव्यानं एकटी धाडायचो न्हाई, थोरलीबी आसंल तरच. मी म्हणालो, तिला खरं काय ते सांगतो. तर म्हणाला, सांगू नका. सांगितलं तर ती यायची न्हाई."

"म्हणजे मी कोण होते इथं, सर?"

सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सोबत," ते म्हणाले.

मी नखातला चुना काढत राहिले, तशी त्यांना जरा धीर आला.

"तू मधीच लई खचायला लागलीवतीस. मग रेघ खाली घेतली. त्याच्यानं तू कशी उसळलीस बघ की! आन् तू उसळलीस म्हणून तेजू उसळली. खरं सांगितलं आसतं तर पळाली आसतीस का? बहिणीपायी एवढं कोण पळतं?"

त्या एका प्रश्नासाठी आजही मी त्या माणसाला माफ केलेलं नाही.

घरी आले तेव्हा आप्पा गोठ्यासमोर कडबा तोडत होते. मी टेप त्यांच्यासमोर टाकली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

कोयता दोनदा पडला, मग थांबला. "दोघींचं व्हनार न्हवतं," ते म्हणाले. "येकीचं व्हनार हुतं."

"मग मला आडवी कशाला नेली टेम्पोतनं? एवढा तमाशा कशाला? हात कशाला धरला डोक्याखाली?"

"तुझी लई विच्छा हुती, उजे." त्यांचे डोळे भरून आले. मग तेच डोळे बाहीनं पुसत ते म्हणाले, "आन् तू ऐनवेळी घरात बसली आसतीस, तर तेजूबी सोमवारी गेली नसती."

दोन्ही खरं होतं, आणि तेच मला सोसवेना. एक काहीतरी खोटं असतं तर मी त्यांच्याशी कडाकडा भांडले असते.

तेजू उंबऱ्यात बसून ऐकत होती. मी तिच्याकडं वळले. "आणि तू?"

"रेग माझ्या डोळ्याखाली यायची ताई," ती हळूच म्हणाली. "झेंड्याच्या दुसऱ्या दिवशी नाकावर आली. तवाच मला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लई खुश हुतीस."

तेजू आज हवालदार आहे. तिच्या निवडीचा फ्लेक्स आमच्या स्टँडवर महिनाभर झळकत होता. मधोमध वर्दीतली तेजू, एका अंगाला सर, दुसऱ्या अंगाला आप्पा, आणि वर सरांचं ते थकणाऱ्या मनाचं वाक्य. खाली शुभेच्छुकांची रांग होती. तिच्यात सरपंच, पतसंस्थेचे चेअरमन, आणि त्यांच्यामधे मी. फोटो माझ्या हॉलतिकिटावरचाच लावला होता. फ्लेक्सवर सगळ्यांची उंची सारखी असते. दिवाळीनंतर माझं लग्न झालं, दावण आप्पांनीच बघितलेली. तेजू दर भाऊबीजेला येते, मला भारीतली साडी आणते, माझ्या सासरच्यांना सांगते की ताई नसती तर मी आज कुठं असते. सासूबाई कौतुकानं माझ्याकडं बघतात. मी चहा ठेवायला उठते.

पण माझ्या मनात रुतून बसलीय ती त्या फ्लेक्सची गोष्ट नव्हे. तेजूच्या ग्राउंडच्या आदल्या दिवशीची, रविवारची सकाळ आहे ती.

त्या सकाळी शेवटची चाचणी होती. पहाटे माझ्या खांद्याला हात लागला.

"ताई, उठ की."

दोन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या आधी उठली होती. मी डोळे उघडले नाहीत. टेम्पोत पडले होते तशीच पाठ टेकून पडून राहिले. बाहेर आप्पांनी बॅटरी लावली, विझवली, पुन्हा लावली. आत यायची त्यांची छाती झाली नाही.

"ताई, मला एकटीला न्हाई जमायचं गं."

मला सगळं स्पष्ट दिसत होतं. मी उठले नाही तर ही पुन्हा गोधडीत शिरेल. उद्या ग्राउंडवर अर्ध्यात पोट धरून बसेल. सरांचा डाव मोडेल, आप्पांचा मोडेल, आणि मला करायचं काय, तर फक्त झोपून राहायचं. असली ताकद माझ्या हातात कधी आली नव्हती. ती वापरायची मला फार इच्छा झाली, खोटं कशाला सांगू? मी मनातल्या मनात तेजूला गोधडीत शिरताना बघितलंसुद्धा.

तरी उठले. तिच्यासाठी नाही, आप्पांसाठी तर मुळीच नाही. अंगात राग मावत नव्हता, आणि काहीही झालं तरी उठून पळायचं, एवढंच मला त्या मैदानावर शिकवलेलं होतं. मी बुटाच्या नाड्या बांधल्या. तेजूची वेणी मात्र घालून दिली नाही. ती केसांचा कसातरी गुंडा करून आली. आप्पा मागून सायकलवर आले.

मैदानावर सर घड्याळ घेऊन उभेच होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोघी एका रेघेवर. शिट्टीला सुटायचं."

शिट्टी झाली आणि मी सुटले. इतर दिवशी मी तेजूच्या बेतानं पळायची, तिला माझी पाठ दिसत राहील एवढंच अंतर ठेवायची. त्या दिवशी मी कुणाचा बेत ठेवला नाही. मला तिला मागं टाकायचं होतं. तिला, सरांना, त्या भिंतीला, आप्पांच्या त्या हाताला, सगळ्यांना मागं टाकून एवढं लांब जायचं होतं की पुन्हा कुणाला मी दिसू नये.

"ताई, थांब की!" मागून आवाज आला.

मी थांबले नाही. वळणावर पाय घसरला तरी थांबले नाही. घशात रक्ताची चव आली. मागचा आवाज बंद झाला, आणि मला वाटलं, सुटली पाठ एकदाची. मग नुसता श्वास ऐकू यायला लागला. आधी लांब, मग जवळ. ती बोलत नव्हती, रडत होती की काय कोण जाणे, पण पळत होती. आजवर कधी पळाली नव्हती तशी, त्या लांब टांगा टाकत, माझ्या मागोमाग. मी आणखी जोर लावला. तिनंही लावला.

रेघ मी ओलांडली. माझ्या मागं ती.

"शाबास तेजू!" सर हवेत उडी मारून ओरडले. म्हातारा माणूस, पण लहान पोरासारखा नाचत होता. "काढली! काढली वेळ! पांडुरंगराव, ह्ये बघा, ह्ये बघा!" नावानं हाक ऐकून आप्पा सायकल तिथंच आडवी टाकून धावत आले. दोघांची डोकी त्या घड्याळावर वाकली. तेजू गवतात उताणी पडून हुंदके देत होती. सरांनी तिला हाताला धरून उठवलं, चालती ठेवली, आप्पांनी आपल्या पटक्यानं तिचं तोंड पुसलं.

मी गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते. एवढं चांगलं मी आयुष्यात पळाले नव्हते, हे मला घड्याळाशिवायही कळत होतं. तरी विचारावंसं वाटलं. अजून, त्या दिवशीही, विचारावंसं वाटलं.

"माझी किती आली, सर?"

सरांनी वर पाहिलं. घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुझं कुठं लावलं हुतं, पोरी?" ते म्हणाले.